हलू नका

आयुष्यभर एका वाक्यावर मी संसार केला. ‘हलू नका.’ मराठीतून सांगितलं, हिंदीतून सांगितलं, देगलूरकडची माणसं आली की ‘कदलोद्दु’ म्हणून तेलुगूतूनही सांगितलं. गंमत अशी की सांगणाऱ्याला स्वतःला कधी स्थिर बसता आलं नाही. खुर्चीत टेकलो की माझा उजवा पाय आपोआप नाचायला लागतो. धर्मांतरानंतर आमच्या घरातला देव्हारा उठला तो उठलाच, पण पाय हलवला की लक्ष्मी जाते, ही गोष्ट काही आईच्या डोक्यातून गेली नाही. मुदखेडच्या आपल्या दोन खोल्यांत लक्ष्मी आली होती कधी, असं मी विचारायचो आणि पाठीत धपाटा खायचो. पाय तसाच राहिला.

मी एमआरआयचा टेक्निशियन. नांदेडला सरकारी नोकरी केली, निवृत्त झाल्यावर लातूरच्या एका खासगी केंद्रात आणखी काही वर्षं काढली. एमआरआय काढलेलं माणूस आता घरोघरी सापडतं, पण आत काय होतं असं विचारलं तर ‘लई आवाज येतो’ यापुढे कोणी काही सांगत नाही. त्यांचंही बरोबर आहे. आत असताना डोळे गच्च मिटलेले असतात.

यंत्र म्हणजे एक भलामोठा लोहचुंबक, आणि त्याच्या मधोमध आरपार पोकळी. त्या पोकळीत माणसाला फळीवर निजवून सरकवायचं. कानात कापूस, वर हेडफोन, हातात एक रबरी फुगा. घाबरलात तर फुगा दाबा, बाहेर घंटी वाजेल, मी येतो. मग मी जाड दार लावून काचेपलीकडच्या खोलीत पडद्यासमोर बसायचं. ठकठक सुरू होते, पत्र्याच्या शेडवर कोणी हातोडी चालवावी तशी. थोडा वेळ थांबते, पुन्हा दुसऱ्या तालात सुरू होते. आवाज चालू असताना पेशंट हलला की चित्र फिसकटतं आणि तेवढा भाग परत काढावा लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम बटणं दाबायचं वाटतं. खरं काम माणसाला त्या भोकात आपखुशीने झोपायला लावायचं असतं.

आणि दुसरं काम लोखंड शोधायचं. हा चुंबक कधीच बंद नसतो. दिवाळी असो, केंद्राला कुलूप असो, तो आपला ओढायला तयार. म्हणून आम्ही दारातच माणसाचं सगळं उतरवतो. अंगठ्या, पिना, किल्ल्या, मंगळसूत्र, जोडवी. जोडवी हा स्वतंत्र विषय आहे. लग्नात घातलेली, बोटात रुतलेली, निघता निघत नाहीत. साबणाच्या पाण्याने मी जेवढी जोडवी काढली असतील तेवढी कुठल्या सोनारानेही काढली नसतील. एकदा एका आजींनी सगळं उतरवलं, पण कनवटीची चंची काही काढली नाही. दारातून आत पाऊल टाकलं आणि चंची त्यांच्या कमरेतून सुटून सरळ यंत्राला जाऊन चिकटली. आत अडकित्ता होता. सुपारीची खांडं खोलीभर. आम्ही दोघे जण तो अडकित्ता ओढतोय आणि आजी फळीवर बसून म्हणतायत, ‘आदी माजा अडकित्ता द्या, मग काय फोटू काढायचा तो काढा.’

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक शब्द वाचला: अ‍ॅप्रिहेन्सिव्ह. पेशंट अ‍ॅप्रिहेन्सिव्ह आहे, सांभाळून घ्या. माझं इंग्रजी बेताचं. घरी जाऊन शब्दकोश उघडला. मूळ शब्द अ‍ॅप्रिहेन्शन, आणि अर्थ एकाखाली एक: धास्ती. आकलन. अटक. मला वाटलं छापताना काहीतरी घोळ झालाय. ज्याला कळलंय तो कशाला घाबरेल आणि घाबरलेल्याला काय डोंबल कळणार? अटकेचा अर्थ मात्र लवकरच पटला. देगलूरकडचे एक हवालदार आले होते, मिशा अशा की लिंबू ठेवावं. त्यांना आत सरकवून मी दार लावून खुर्चीपर्यंत पोचलोही नव्हतो तर घंटी. परत गेलो. ‘सोनकांबळे, भाईर काढा. जल्मभर लोकांना आत टाकलं, आपन न्हाई जानार.’ त्यांची बायको बाकावर पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी तिला आत उभं केलं, तिने त्यांच्या पायाचा अंगठा धरून ठेवला, तेव्हा काम झालं.

अंगठा धरायला माणूस आत घ्यायची युक्ती त्या दिवसापासून मी पुष्कळ वापरली. अंगावरचं तसंच सगळं उतरवून घेतलं की नातेवाइकाला आत थांबता येतं. पोकळीची भीती मला ओळखू यायला लागली. घसा कोरडा पडतो, ओठ चाटतात, भोकाकडे बघतात आणि लगेच दाराकडे बघतात. मला सगळं कळतं, असं मला वाटायचं.

आता या धंद्यातलं सगळ्यात अवघड सांगतो. चित्र सगळ्यात आधी आम्हाला दिसतं. डॉक्टर नंतर बघतात, रिपोर्ट त्याहून नंतर येतो. पेशंट फळीवरून उतरता उतरता विचारतोच, ‘कसं हाय ओ साहेब?’ आम्ही काही सांगायचं नसतं. आम्ही डॉक्टर नाही. पण हजारो पाठी आणि डोकी पाहिल्यावर नजर बसतेच. तोंडाने मी ‘डॉक्टर सांगतील’ म्हणायचो, आणि माणसं माझा चेहरा वाचायची. म्हणून मी चेहरा कोरा ठेवायला शिकलो. इतका की घरी जेवताना बायको म्हणायची, ‘भाजीत मीठ जास्त झालंय की कमी, निदान इथं तरी तोंडावर दिसू द्या.’ वर कोरा चेहरा आणि टेबलाखाली नाचणारा पाय. नोकरी अशी काढली.

लातूरच्या केंद्रातली गोष्ट. सकाळी उदगीरहून गाडी आली. मन्मथप्पा, तूर-हरभऱ्याचे जुने आडते, सत्तरी गाठलेले. सोबत बायको महानंदाबाई आणि मुलगा राजकुमार. अप्पांची पाठ महिनाभर दुखत होती, परवापासून पायातली ताकद गेली, काल लघवी अडकली. सर्जनने बजावून पाठवलं होतं: आज एमआरआय झालाच पाहिजे. पाठीच्या मणक्यात काय दाबतंय हे कळल्याशिवाय हात लावता येत नाही, आणि उशीर झाला तर पाय परत येणार नाहीत. चिठ्ठीच्या शेवटी माझा जुना ओळखीचा शब्द: अ‍ॅप्रिहेन्सिव्ह.

अप्पांच्या गळ्यात चांदीची डबी होती. लातूर-उदगीरकडच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. लिंगायत माणूस इष्टलिंग अंगावर बाळगतो. शिवदाऱ्यात, म्हणजे सुती दोऱ्यात, डबी, डबीत लिंग. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. आणि अंगावरून ते उतरवायचं नाही. मेल्यावरसुद्धा नाही. मातीत बसवतात तेव्हाही ते सोबत असतं.

‘अप्पा, डबी काढावी लागेल,’ मी म्हणालो.

‘न्हाई.’

एवढंच. रागाने नाही, आवाज चढवून नाही. भाव ठरल्यावर आडत्याने मान फिरवावी तशी मान फिरवली.

मी समजावलं. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण आत तापू शकते, आणि नेमकी छातीवर असल्याने पाठीचं चित्र खराब करते. राजकुमार वैतागला. ‘अप्पा, पाय जाऊन राहिलेत तुमचे. लिंग महत्त्वाचं की पाय?’ अप्पांनी मुलाकडे असं पाहिलं की तो बाहेर जाऊन पाणी पिऊन आला.

खरं सांगतो, मलाही राग आला. देव नसलेल्या घरात वाढलेला माणूस मी. बाहेर चार पेशंट खोळंबलेले, सर्जनचा फोन दोनदा येऊन गेलेला, आणि हा माणूस दगडासाठी अडून बसलाय. पण दगड म्हटल्यावरच मला सुचलं. लिंग दगडाचं, डबी तेवढी चांदीची. दगडाला चुंबक काय करणार? मी ऐटीत तोडगा काढला. ‘अप्पा, डबी बाहेर ठेवू. लिंग पांढऱ्या कपड्यात बांधून तुमच्याच हातात देऊ. झालं?’

अप्पांचा चेहरा सैल झाला. ‘मंग हरकत न्हाई.’

महानंदाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, डबी उघडली आणि लिंग तळहातावर घेतलं. काळंभोर, गुळगुळीत. आत नेण्याआधी प्रत्येक वस्तूला लहान चुंबक लावून बघायचा हा आमचा नेम. मी नुसता उपचार म्हणून तो जवळ नेला. लिंग बाईंच्या तळहातावरून उठलं आणि टक् करून चुंबकाला बसलं.

आतला दगड साधाच असेल, पण वरून जो काळा थर देतात त्यात कोणी लोहचुंबकाची पूड घालतं म्हणे. मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. बाईंनी घाईने ते सोडवून छातीशी धरलं. अप्पा मात्र कौतुकाने बघत होते. ‘बगितलंत? जीव हाय त्यात.’

जीव होता म्हणूनच पंचाईत होती. ते आत गेलं असतं तर हातातून सुटून यंत्रावर आदळलं असतं, कदाचित अप्पांच्या अंगावरूनच. मी नाही म्हणालो. दिलेला शब्द मला परत घ्यावा लागला, आणि अप्पांनी ‘न्हाई तर न्हाई’ म्हणून गाडी बोलवायला सांगितलं.

राजकुमार मला बाजूला घेऊन गेला. ‘सर, भुलेचे डॉक्टर येतात ना तुमच्याकडे? आवाजाची भीती वाटू नये म्हणून देतो, असं सांगून त्यांना झोपवा. झोपले की काढून घेऊ. उठायच्या आत परत बांधू. त्यांना काय कळतंय?’ बापाचे पाय वाचवायचे होते त्याला, वाईट मुलगा नव्हता.

मी तिथेच येरझाऱ्या घालायला लागलो. करता आलं असतं. आमचे डॉक्टरही कदाचित हो म्हणाले असते. पाय वाचले असते, कोणाला काही कळलंही नसतं. पण लबाडीने झोपवून अंगावरचं काढून घ्यायचं, हे मनाला पटेना. माझा राग कुठे गेला होता कोण जाणे, आता नुसती घालमेल होती. राजकुमारला म्हटलं, पाच मिनिटं द्या, आणि महानंदाबाईंकडे गेलो. त्या बाकावर बसल्या होत्या, लिंग पुन्हा डबीत, डबी पुन्हा अप्पांच्या गळ्यात.

‘बाई, अप्पांना भोकाची भीती वाटते का?’

‘न्हाई ओ. आडतीत तुरीच्या थप्प्यांच्या फटीत झोपनारा मानूस हाय.’

‘मग मरणाची?’

‘मरनाची बी न्हाई. पन ते काडल्यावर आतच काई झालं तर? दार लावलेलं, आमी भाईर. हातात लिंग न्हाई अन् जीव गेला तर? तेवड्या येळंचं भ्या हाय त्यांना.’

इतकी वर्षं भीती ओळखायचा धंदा केला आणि मला पोकळी आणि देव या दोनच गोष्टी दिसत होत्या. अप्पांना काढून ठेवण्याची भीती नव्हती, मधल्या वेळाची होती. तेवढ्या वेळात सुटून जाण्याची. हे कळल्याबरोबर मलाही धास्ती वाटली, कारण या भीतीवर माझ्याकडे काही इलाज नव्हता. फुगा दाबला तर मी येतो, हे मी सांगू शकत होतो. पण मी येऊन काय करणार होतो? शब्दकोशाने धास्ती आणि आकलन एकाखाली एक का छापलं होतं, ते मला त्या बाकाजवळ उभ्या उभ्या समजलं.

‘आत तुम्ही थांबा त्यांच्याजवळ,’ मी म्हणालो.

‘मी थांबीन, पन लिंग भाईरच ना?’ मग त्यांनी विचारलं, ‘दोरा जातो का आत?’

‘कसला दोरा?’

‘सुती. लिंग काय अंगाला चिटकिवलेलं नसतं, दोऱ्यानं बांदलेलं असतं. शिवदारा येवडाच लांब पायजे असं कुठं सांगितलंय? माज्या हातात लिंग, त्यांच्या हातात दोरा. तुटला न्हाई म्हंजे उतरलं न्हाई.’

मी भिंतीकडे पाहिलं. त्या खोलीला चहूबाजूंनी तांब्याचा पत्रा असतो, दार लावल्यावर बाहेरची रेडिओची लहर आत जाता कामा नये. पण भिंतीत एक लांबट पितळी नळी बसवलेली असते, पेशंटला ऑक्सिजन लागला तर प्लास्टिकची नळी आत न्यायला. प्लास्टिक जातं, तर सूत का नाही जाणार? आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आधी हसले, मग म्हणाले, ‘धातू नाही ना? मग जाऊ द्या.’

खरी परवानगी अप्पांची होती. त्यांनी बायकोचं म्हणणं ऐकून घेतलं. डबीवर हात ठेवला. म्हणाले, ‘मोप लांब असला तरी दोरा दोराच हाय. बांदा.’

केंद्राच्या दारात हार विकणारी बाई बसायची, तिच्याकडून फुलं ओवायच्या कोऱ्या सुताचं रीळ आणलं. महानंदाबाईंनी ते दुपदरी दुमडून पीळ दिला, शिवदाऱ्याला गाठ मारली, गाठ ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. दुसरं टोक पितळी नळीतून आत. अप्पांच्या डाव्या हाताला ते टोक, उजव्या हातात रबरी फुगा. मी समजावलं की आवाज चालू असताना दोरा ओढायचा नाही. ठकठक थांबली की मगच, आणि हळू. बाईंनी माझ्या खोलीत, माझ्या शेजारी स्टूल घेतलं. नातेवाइकाला या खोलीत बसवायचं नसतं, पण नळी तिथेच उघडत होती. डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्या ताठ बसल्या. मी माईक त्यांच्यासमोर धरला. त्या कानडीत म्हणाल्या, ‘अंजबेड्री.’ भिऊ नका. मग मी माझं वाक्य म्हणालो.

पहिला आवाज सुरू झाला. पडद्यावर पाठ उमटायला लागली. दुसऱ्या मालिकेत मला दिसलं. पाठीच्या मध्यावर दोन मणके खचलेले आणि त्यांच्या मागून काहीतरी फुगून मज्जारज्जूला रेटत होतं. असं चित्र मी पाहिलं होतं, आणि त्यातले बरेच पेशंट मी पुन्हा पाहिले नव्हते. माझा पाय थांबला. तो थांबला की काहीतरी वाईट असतं, हे मलाही ठाऊक नव्हतं. मान वळवली तर महानंदाबाई पडद्याकडे बघत नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

इतकी वर्षं काचेपलीकडच्यांसाठी कोरा चेहरा ठेवला. शेजारी कोणी बसेल याचा सराव नव्हता.

ठकठक थांबली तसा बाईंनी दोरा दोनदा हळूच ओढला. नळीतून दोरा दोनदा मागे गेला. आतून उत्तर आलं होतं. माझे डोळे भरून आले. या बाईला सगळं कळलंय, आणि तरी ती नवऱ्याला धीर देतेय, असं मला वाटलं. पुढच्या प्रत्येक विश्रांतीत तसंच झालं. दोनदा इकडून, दोनदा तिकडून. अप्पांनी फुगा एकदाही दाबला नाही.

फळी बाहेर काढली तेव्हा अप्पांच्या बोटांवर दोऱ्याचे वळ होते. ‘कसं हाय?’ त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पण माझ्याकडे बघून नाही, बायकोच्या हाताकडे बघून.

‘हाय की,’ बाई म्हणाल्या आणि लिंग त्यांच्या गळ्यात बांधलं.

ते गेले. आमच्या धंद्यातली हीच खोट आहे. गोष्टीचा मधला भाग आम्हाला सगळ्यात आधी कळतो आणि शेवट कधीच कळत नाही. पेशंट रिपोर्ट घेऊन सोलापूरला जातो, हैदराबादला जातो, आणि आपण दुसऱ्या कोणाची तरी जोडवी काढत बसतो. मन्मथप्पा माझ्या डोक्यातून जाईनात. उदगीरची गाडी दिसली की मी दारापर्यंत जाऊन बघायचो. राजकुमारचा नंबर होता, पण फोन करून विचारणार काय? आहेत का गेले? दोन-तीनदा नंबर काढला आणि ठेवून दिला.

पावसाळा गेला, थंडी आली. एका सकाळी बाकावर महानंदाबाई दिसल्या. शेजारी काठी टेकवून मन्मथप्पा. चालत आले होते. सावकाश, डावा पाय जरा ओढत, पण स्वतःच्या पायांनी. मी इतका जोरात ‘अरे वा’ म्हणालो की बाकीचे पेशंट दचकले.

मला वाटलेली कॅन्सरची गाठबिठ काही नव्हती. मणक्याचा क्षय निघाला. सोलापूरला तातडीने ऑपरेशन करून पू काढला, गोळ्या अजून चालू होत्या. आता आत काही उरलंय का, हे बघायला सर्जनने पुन्हा पाठवलं होतं. साफ असेल तर पुढं काही नाही. पू परत धरला असेल तर पुन्हा चिरफाड, आणि या वयात दुसऱ्यांदा सोसवेल की नाही याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती.

महानंदाबाईंनी पिशवीतून पुठ्ठ्याला गुंडाळलेला तोच दोरा काढला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘साहेब, तुमचं तोंड लई खोटं बोलतंय. तवा तुमच्याकडं बगितलं अन् मला वाटलं, संपलं. रिपोट येईस्तवर घास गिळला न्हाई मी.’

मी कानाची पाळी धरली. दुसरं काय करणार? मग म्हणालो, ‘पण तुम्ही धन्य आहात. एवढं वाटत असून त्यांना धीर देत होतात.’

‘धीर?’ त्या हसल्या. ‘धीर कुनाला असतोय? मीच भेले होते. आत हायत का न्हाईत ते बगत होते ओढून.’

अप्पा काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. ‘मला कळलंच होतं. हात कापून राहिला होता हिचा. दोऱ्यातून कळतंय की ओ. म्हनलं, ही भेलीय, आपन हलून चालनार न्हाई. म्हनून ओडून सांगितलं, हाव मी.’

मी आपला त्या दोऱ्याचा अर्थ इतके महिने उलटा लावून, चार लोकांना सांगून, डोळे पुसून बसलो होतो.

पुन्हा तशीच तयारी केली. दोरा नळीतून आत, अप्पा आत, बाई माझ्या शेजारी. माझं वाक्य म्हणून मी बटण दाबलं. या वेळी पाय पहिल्यापासूनच नाचत होता, टेबल हलण्याइतका. बाईंनी एकदा टेबलाखाली पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग लिंग डाव्या तळहातावर तसंच ठेवून त्यांनी दोऱ्याचा मधला भाग माझ्यापुढे केला.

‘धरा. तुमालाच जास्त भ्या वाटून राहिलंय.’

मी जरा थबकलो. माझ्या आज्याला उदगीरच्या आडतीत पायरीच्या खाली उभं राहून माल द्यावा लागायचा, असं आई सांगायची. बाईंचा हात पुढेच होता. मी दोरा धरला. पलीकडे अप्पांचा हात आहे हे खरंच कळत होतं, ताण लागत होता.

ठकठक चालू होती. पडद्यावर पाठ उतरत होती, मणका मणका. मी त्या जागेवर आलो. खचलेले दोन मणके एकमेकांत जुळून गेले होते. मागचं फुगलेलं काहीच नव्हतं. मज्जारज्जू मोकळा, सरळ, खालपर्यंत. मी दुसऱ्या बाजूने पाहिलं, आडव्या चित्रात पाहिलं. साफ.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी काही बोललो नाही. आम्ही डॉक्टर नाही, नियम तो नियम. पण हातात दोरा होता. मी तो दोनदा ओढला.

आतून लगेच दोनदा उत्तर आलं, चांगलं जोरात. ठकठक चालूच होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पडद्यावरची पाठ थरथरली, चित्र फिसकटलं आणि अख्खी मालिका वाया गेली.

मी माईक ओढला. ‘अप्पा, परत काढावं लागेल. हलू नका.’

‘मी कुठं हलतोय?’ आतून अप्पांचा आवाज आला. ‘तुमी हलून राहिलात.’